महाराणी सोयराबाईंविषयी दोन शब्द





आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे यावीत असे ठरले. जिजाऊसाहेब, अहिल्याबाई, सावित्रीबाई, राणी लक्ष्मीबाई यांच्यावर लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी मात्र मुद्दाम एक असे नाव घेतले आहे की ज्याला हारही मिळत नाही आणि आरतीही मिळत नाही. ते नाव म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पट्टराणी सोयराबाई.

मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी आहे. इतिहासावर निकाल देण्याइतकी माझी योग्यता नाही. पण दुपारचे काम आटोपले की वाचनालयातून आणलेले पुस्तक उघडून बसण्याची सवय मला आहे, आणि वाचता वाचता जे मनाला पटले ते आपल्यापुढे ठेवावे एवढीच इच्छा आहे.

सोयराबाईंचे माहेर तळबीडचे मोहिते. तळबीड हे सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ, वसंतगडाच्या पायथ्याशी वसलेले गाव. आपल्या काळेवाडीत सातारा-कऱ्हाडकडून कारखान्यांतल्या नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. माझेही माहेर त्याच बाजूचे. त्यामुळे लहानपणापासून तळबीडचे नाव ऐकले ते सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे गाव म्हणून. त्यांची समाधी तेथे आहे आणि गावाला तिचा मोठा अभिमान आहे. पण याच घराण्याची एक लेक स्वराज्याची पहिली अभिषिक्त महाराणी झाली, हे मला कोणी कधी कौतुकाने सांगितले नाही. भावाचे नाव गावाने डोक्यावर घेतले आणि बहिणीचे नाव मात्र खालच्या आवाजात घेतले जाते. या दोघांची आत्या तुकाबाई या शहाजीराजांच्या पत्नी. म्हणजे भोसले आणि मोहिते यांचे नाते तसे जुनेच.

महाराजांच्या पहिल्या राणी सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. तेव्हा शंभूराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. सईबाईंची प्रकृती नाजूक असल्यामुळे कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना दूध पाजले होते. आई गेल्यावर जिजाऊसाहेबांनी त्यांना आपल्या पदराखाली घेतले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सावत्र आई म्हणून सोयराबाईंनी या पोराला छळले असे लोक सहज बोलून जातात. पण जिजाऊसाहेबांसारखी खंबीर सासू घरात असताना आणि नातू तिच्या डोळ्यांतला तारा असताना, कोणाची छाती होती त्या पोराला वाकडे बोलण्याची?

२४ फेब्रुवारी १६७० रोजी सोयराबाईंना मुलगा झाला. तेच राजाराम महाराज. पुढे चार वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याआधी महाराजांची मुंज होऊन राण्यांशी वेदोक्त मंत्रांनी पुन्हा विवाह लागले होते. सईबाई हयात नव्हत्या, म्हणून पट्टराणीचा मान सोयराबाईंना मिळाला, आणि युवराज म्हणून शंभूराजांचा मान झाला. त्याच वर्षी नेसरीला प्रतापराव गुजर पडल्यावर सोयराबाईंचे भाऊ हंबीरराव सरसेनापती झाले. बाईच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा काळ म्हणावयाचा.

पण राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, पाचाडला जिजाऊसाहेबांनी डोळे मिटले. घरातले वडीलधारे माणूस गेले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. तोवर जे शब्द ओठाआड राहतात ते बाहेर पडू लागतात. बाहेरची माणसे घरात येऊन इकडचे तिकडे करू लागतात. रायगडावर तर घर आणि राज्य एकच होते. शंभूराजांचे आणि जुन्या कारभाऱ्यांचे, त्यांतही अण्णाजी दत्तो यांचे, पटेनासे झाले. १६७६ साली महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा शंभूराजांना शृंगारपुरास, येसूबाईंच्या माहेरी, ठेवण्यात आले. पुढे १६७८ च्या डिसेंबरात शंभूराजे मोगलांच्या दिलेरखानाकडे निघून गेले आणि वर्षभराने परत आले. वाघासारखा मुलगा शत्रूच्या गोटात गेला, हे दुःख महाराजांनी कसे सोसले असेल! पण त्यांनी मुलाला परत जवळ घेतले आणि १६८० च्या सुरुवातीला पन्हाळ्यावर त्याची भेटही घेतली.

आता तो काळाकुट्ट महिना येतो. मार्च १६८० मध्ये रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांची मुंज झाली आणि प्रतापराव गुजरांच्या मुलीशी, जानकीबाईंशी, लग्न झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत महाराज आजारी पडले आणि ३ एप्रिल १६८० रोजी, चैत्र पौर्णिमेला, त्यांनी देह ठेवला.

येथूनच सोयराबाईंच्या नावाला काळोखी लागली. त्यांनी महाराजांवर विषप्रयोग केला असे म्हणणारे लोक आजही भेटतात. भगिनींनो, हा आरोप लहान नाही. पतीला मारल्याचा आरोप, आणि पती कोण, तर शिवाजी महाराज! तेव्हा तो तोंडातून काढण्यापूर्वी पुरावा काय आहे हे पाहायला नको काय?

मुंबईस तेव्हा इंग्रजांची वखार होती. त्याच एप्रिलच्या अखेरीस त्यांनी लिहिलेल्या पत्रात महाराज रक्तातिसाराने बारा दिवस आजारी राहून वारल्याचे नमूद आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी आपल्या बखरीत ज्वराची व्यथा सांगितली आहे. सभासद हे राजाराम महाराजांच्या पदरचे, म्हणून ते आईची बाजू झाकतील असे कोणी म्हणेल. पण इंग्रजांना सोयराबाईंची लाज राखण्याचे काय कारण होते? विषाचा नुसता संशय जरी त्यांच्या कानी आला असता तरी त्यांनी तो चवीने लिहिला असता.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. २४ ऑगस्ट १६८० रोजी, म्हणजे महाराज गेल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, शंभूराजांनी कुडाळच्या नामदेवभट बाकरे यांना एक संस्कृत दानपत्र करून दिले. त्यात त्यांनी आपल्या या सावत्र आईचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे सांगून दोष दिला आहे तो मंत्र्यांना. तेव्हा राज्य शंभूराजांच्या हातात होते. त्यांना कोणाची भीती नव्हती की कोणाची मनधरणी करावयाची नव्हती. ज्या बाईने आपल्या वडिलांना विष घातले असे मुलाला वाटते, त्या बाईविषयी तो असे लिहील काय? ज्याचे वडील गेले त्या मुलाने जो आरोप केला नाही, तो आपण साडेतीनशे वर्षांनी करीत बसलो आहोत.

मग हा विषाचा डाग आला कोठून? तो आला शंभर सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या बखरींतून. गंमत अशी की त्या बखरी एका दमात दोन गोष्टी सांगतात. एक, सोयराबाईंनी महाराजांना विष दिले. दोन, शंभूराजे रायगडावर येताच त्यांनी सोयराबाईंना भिंतीत चिणून मारले. शंभूराजे रायगडावर आले ते जून १६८० मध्ये, आणि सोयराबाई वारल्या २७ ऑक्टोबर १६८१ रोजी. मधे सव्वा वर्षाहून अधिक काळ त्या हयात होत्या. भिंतीत चिणलेली बाई सव्वा वर्ष कशी जगेल? तेव्हा ती गोष्ट खोटी, हे आता शहाणीसुरती माणसे मान्य करतात.

शंभूराजांच्या नावावरची अशी कितीतरी काजळी वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून पुसली. पुढे १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांनी शंभूराजांचे चरित्र लिहून तेच काम केले. एका स्त्रीने हे अवघड काम केले याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण लोकांनी काय केले? त्या जोडगोष्टीतली मुलाला काळे करणारी अर्धी गोष्ट टाकून दिली आणि बाईला काळे करणारी अर्धी मात्र जपून ठेवली. एकाच तोंडाने सांगितलेली एक गोष्ट खोटी ठरली, तर दुसरीवर डोळे झाकून विश्वास का ठेवावा? एकाच्या अंगरख्यावरचा डाग पुसता पुसता तो दुसरीच्या पदराला लावला गेला, असे मला वाटते. आता नाटके, मालिका आणि २०२५ साली आलेला छावा हा चित्रपट पाहून आपली मुले शंभूराजांसाठी रडतात, ते योग्यच आहे. पण त्याच वेळी ती सोयराबाईंच्या नावाने बोटे मोडतात.

येथे माझ्या स्वतःविषयी थोडे सांगते, कारण त्याशिवाय हा लेख मी का लिहिला हे कळणार नाही. मी माझ्या यजमानांची दुसरी पत्नी आहे. मी लग्न होऊन काळेवाडीत आले तेव्हा घरात सहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी होती. पुढे मला एक मुलगा झाला. एका पावसाळ्यात थोरल्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. मी रात्रभर त्याच्या उशाशी होते. सकाळी विचारपूस करायला आलेल्या एका बाईने त्याच्या कपाळावर हात ठेवून पहिला प्रश्न केला तो असा, की काल याला खायला काय घातले होते. आदल्या रात्री तिघांनीही एकाच पातेल्यातला भात खाल्ला होता. पण धाकट्याला काही झाले असते तर तिने हा प्रश्न विचारला नसता. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, पण सावत्र आईचे मीठ लोकांना विषच वाटते. आज थोरला नोकरीला लागला आहे आणि पहिला पगार त्याने माझ्या हातावर ठेवला. तरी तो प्रश्न मी विसरलेले नाही. मी कोठे आणि महाराणी कोठे! पण आजारपण आले की बोट कोणाकडे जाते, हे मला पुस्तकाविना कळते.

आता कोणी म्हणेल की बाई सोयराबाईंची नुसती वकिली करते आहे. तसे नाही. जे घडले ते घडले. महाराज गेल्यावर शंभूराजांना पन्हाळ्यावर रीतसर कळवले गेले नाही. २१ एप्रिल १६८० रोजी राजारामांना मंचकावर बसवण्यात आले. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे हे शंभूराजांना पकडण्यासाठी पन्हाळ्याकडे निघाले. या सगळ्याला सोयराबाईंची संमती होती, आणि आपला मुलगा गादीवर बसावा असे त्यांना वाटत होते. थोरल्याचा हक्क डावलणे ही चूक होती यात शंका नाही.

पण त्या वेळी त्यांच्या मनात काय काहूर उठले असेल, याचाही विचार करू या. पती गेलेला. मुलगा दहा वर्षांचा. थोरला दीड वर्षापूर्वी मोगलांना जाऊन मिळालेला, हे कारभारी रोज कानाशी सांगणार. दिल्लीच्या गादीवर बसलेला औरंगजेब सख्ख्या भावांचे मुडदे पाडून बसला होता, हे तर त्या काळी लहान पोरालाही माहीत होते. राज्य सावत्र मुलाकडे गेले तर माझ्या लेकराचे काय होईल, ही भीती कोणत्या आईला वाटणार नाही? भीतीने चूक करणे वेगळे आणि विष घालणे वेगळे. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे.

त्यांचा सर्वांत मोठा आधार म्हणजे भाऊ. पण हंबीरराव स्वराज्याच्या बाजूने, म्हणजे शंभूराजांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी कारभाऱ्यांनाच कैद केले. सख्ख्या भाच्याचा मोह न धरता त्यांनी न्यायाची बाजू घेतली, म्हणून ते थोर. पण ही बातमी रायगडावर पोचली तेव्हा माहेर तुटल्याचे दुःख त्या बाईने कोणापाशी सांगितले असेल?

शंभूराजे रायगडावर आले. त्यांनी धाकट्या भावाला ममतेने वागवले. १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. अण्णाजींनाही पुन्हा अधिकार मिळाला. एवढ्यावर मिटले असते तर बरे झाले असते. पण १६८१ च्या पावसाळ्यात शंभूराजांच्या जेवणात विष घालण्याचा कट उघडकीस आला. मुंबईच्या इंग्रजांनी आपल्या पत्रात त्या कटात अण्णाजी आणि हिरोजी फर्जंद यांच्या जोडीला राजारामांच्या आईचेही नाव लिहिले आहे. हे मी झाकून ठेवत नाही. कटवाल्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले, आणि त्याच सुमारास सोयराबाईंचा शेवट झाला. तो कसा झाला याविषयी कोणी म्हणतात त्यांनीच विष घेतले, कोणी म्हणतात त्यांना देण्यात आले.

त्या वावटळीत दोषी आणि निर्दोष एकत्र भरडले गेले. ज्यांना शिक्षा झाली त्यांत बाळाजी आवजी चिटणीस होते. पुढे त्यांचे चिरंजीव खंडो बल्लाळ यांना चिटणिशी मिळाली, त्यांनी स्वराज्याची जिवापाड सेवा केली आणि त्या घराण्याचे नाव उजळ झाले. त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्यास बखर लिहिली. ज्यांच्या घरात लेखणी होती त्यांची बाजू कागदावर आली. सोयराबाईंच्या हातचा कागद कोणी वाचलेला नाही. त्यांच्या वतीने लिहिणारे कोणी उरले नाही. राजाराम तेव्हा अकरा वर्षांचे होते.

मात्र एक साक्ष कागदापेक्षा मोठी आहे असे मला वाटते. १६८९ च्या फेब्रुवारीत शंभूराजे संगमेश्वरला पकडले गेले. ११ मार्चला, आपल्यापासून फार लांब नाही अशा तुळापूर-वढूच्या परिसरात, त्यांना हालहाल करून मारण्यात आले. रायगडाला मोगलांचा वेढा पडत होता. त्या संकटात महाराणी येसूबाईंनी स्वतःचा मुलगा शाहू लहान म्हणून बाजूला ठेवला आणि सोयराबाईंच्या मुलाला, राजारामांना, गादीवर बसवून बाहेर काढून दिले. स्वतः त्या मुलासह मागे राहिल्या, कैद झाल्या आणि १७१९ सालीच परत आल्या. सासऱ्यांना विष घालणारीचा मुलगा असे जर त्या राजारामांकडे पाहत असत्या, तर एवढा विश्वास त्यांनी टाकला असता काय? आणि राजारामांनीही जिंजीला जाऊन राज्य राखले, कैदेतल्या पुतण्याचा हक्क आपल्या पत्रात मान्य केला. ज्या आईने पोटच्या पोराला दुसऱ्याचा द्वेषच शिकवला असता, तिचा मुलगा असा निघता ना.

राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यानंतर सात वर्षे औरंगजेबाशी झुंजल्या त्या महाराणी ताराबाई. त्या हंबीररावांची मुलगी, म्हणजे सोयराबाईंची भाची आणि सून. ताराबाईंचा आपण जयजयकार करतो. शिवबांचे एक रोपटे सोयराबाईंच्या कुशीत वाढले, त्याच रोपट्याने पडत्या काळात स्वराज्याला सावली दिली, एवढे तरी त्यांच्या वाट्याचे पुण्य त्यांना मिळावे.

भगिनींनो, दरवर्षी फाल्गुन अमावास्येला शंभूराजांच्या स्मरणासाठी आपल्याकडची पुष्कळ मंडळी वढूला जातात. मुले आपल्याला त्यांची गोष्ट विचारतात. ती गोष्ट सांगताना पराक्रम सांगा, बलिदान सांगा, कारभाऱ्यांची कारस्थाने सांगा, सोयराबाईंची चूक झाली तीही सांगा. पण जे पाप त्यांच्या हातून घडल्याचा पुरावा नाही ते त्यांच्या माथी मारू नका. गोष्ट रंगावी म्हणून एखादी कैकेयी लागतेच, आणि ती बहुधा सावत्र आई असते. गोष्ट ऐकणाऱ्या पोरांपैकी एखाद्याच्या घरीही दुसरी आई असेल. घरी गेल्यावर ते पोर तिच्या हातचा घास कोणत्या मनाने घेईल, याचा विचार सांगणाऱ्याने केला पाहिजे.

लिहिण्यात काही कमीजास्त झाले असल्यास सर्व भगिनींनी सांभाळून घ्यावे. आपले मंडळ असेच वाढत राहो, ही श्री मोरया चरणी प्रार्थना.